पाव आटा

दाराच्या चौकटीतल्या कडीला
आईच्या विरलेल्या नेत्सेलाचा पीळ घालून
मी सायकल टांगली आहे,
मागचं चाक फरशीपासून वीतभर वर.
आई म्हणते, सोलायला टांगलेली बकरी दिसते गं.
मी म्हणते, तू कॉफी भाज, बोलू नकोस.
ती दोन्ही करते.

अस्मारात आठ वाजले की गारठा उंबऱ्यावर येऊन बसतो.
वीज आहे तोवर आहे.
रविवारी सिराकची शर्यत,
आणि साखळी तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना
दोनदा विचार करते, मग उडी मारते थेट पाचव्यावर.
तेवेल्दे मिस्त्री पाठ धरून अंथरुणात.
त्याचा निरोप आला: केबल बघ, केबलच असते.

केबल बघितली.
टोकाची ती बोराएवढी टोपी
पाव आटा डावीकडे.
हाताने पेडल फिरवलं. खर्रर्र.
आणखी पाव. टक, टक, खर्रर्र.
अर्धा मागे.
लहान चकत्या राजी झाल्या की मोठ्या रुसतात,
मोठ्यांची समजूत काढावी
तर लहान्या तोंड फिरवतात.

डिरेलरवर दोन बारके स्क्रू आहेत, शेजारी शेजारी.
एक म्हणतो, याच्या बाहेर जायचं नाही.
दुसरा म्हणतो, याच्या आत यायचं नाही, आत आरे आहेत.
त्या दोघांना मी हात लावत नाही.
पुढच्या वर्षी सिराकला सावाच्या छावणीत जायचंय,
शाळेचं शेवटचं वर्ष तिकडेच.
तो विषय आम्ही
भाजलेल्या दाण्यांच्या फोलपटांबरोबर
दाराबाहेर फुंकून टाकतो.

आई जबेना ठेवायला वाकली
आणि वाकलेलीच राहिली.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या पँटी शिवल्यात तिने,
शिवण दोऱ्याभर कलली तरी तिचा डोळा अडतो.
"अकबेरेत, ते वाकडं आहे."
काय वाकडं?
"ते. लोंबतंय ते."

मागून बघितलं.
ज्या लोखंडी कानाला डिरेलर टांगलाय
तो कानच आत वळलेला,
भिंतीआडून ऐकणाऱ्या शेजारणीसारखा.
म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं,
आणि मी दोन तास
चोर सोडून केबलला फाशी देत होते.

"सिराक!"
तो आला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, घरातसुद्धा.
"कुठे पडलास?"
नेफासितच्या उतारावर. गुरुवारी.
समोर उंट होता.
उंट कसा होता ते त्याने नीट सांगितलं,
कोपर कसं आहे ते नाही.

माळ्यावरून बाबांचं चाक काढलं.
त्यांच्या शर्यतीच्या सायकलचं एवढंच उरलंय.
डिरेलर सोडवला,
चाकाचा आस त्या कानाच्या भोकात पिळला:
आटा तोच, बसला.
आता दोन चाकं शेजारी शेजारी,
एक त्यांचं, एक त्याचं.
वर तीन बोटांचं अंतर, खाली दीड.
मी बाबांचं चाक खालून बाहेर ओढलं,
हळू, दात काढताना धरावा तसा श्वास धरून.
लोखंड कण्हलं. थांबले.
वर अडीच, खाली दोन.
परत एकदा.
आईने दोन्हीकडे आपली बोटं घालून बघितली,
मान हलवली. टीप सरळ.

डिरेलर पुन्हा चढवेपर्यंत वीज गेली.
कोणी मेणबत्ती आणायला उठलं नाही.
अंधारात सिराकने पेडल फिरवलं,
मी गिअरचा खटका ओढत गेले
आणि आई मोजत गेली:
टक, दोन. टक, तीन.
टक.
"चार," ती म्हणाली, आणि कोणी काही बोललं नाही.
सातापर्यंत वर, मग खाली.

तिसऱ्या वाफेची कॉफी पातळ असते, तिला बेरेका म्हणतात,
ती घेतल्याशिवाय उठायचं नसतं.
आईने अंधारातच त्याची बाही वर सारली असावी,
कारण तो म्हणाला, आई गं, हळू.

सहाव्यावर अजून एक बारीक टिकटिक येतेय.
पाव आटा.
नाही, पावसुद्धा नको.