कर्म

शनिवारी सकाळी पुन्हा झैद अम्रला मारतो.
फजर होऊन गेलेली, चटई अजून गार,
शेख सुवैलिम डोळे मिटून म्हणतात, मारलं झैदनं अम्रला,
आणि आम्ही अकरा जण एका सुरात मारतो.
झैदच्या टोकाला उकार, अम्रच्या टोकाला अकार,
एवढ्यावरून ओळखायचं
कोणाचा हात, कोणाची पाठ.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
अम्रनं केलं काय होतं?
बहरीनची पोरं हसली. हर्णैच्या गलबतातून
सागाच्या वाशांबरोबर उतरलेला तांडेलाचा मुलगा,
मुबर्रजला येऊन असलं विचारतो!
शेख हसले नाहीत. म्हणाले,
त्याचा गुन्हा इतकाच की तो कर्म आहे.

शब्द अरबी होता. कानात मात्र मराठीत उतरला
आणि माय दिसली, मासळी करपली की
कपाळावर हात मारणारी: कर्म रे माझं!

सोमवारी निम्मे जण रोज्यात, धडा पेंगतो.
मंगळवारी पाण्याचा कायदा:
झरा कोणाचा, पाट कोणाचा,
वरच्या बागेनं किती घटका पाणी अडवावं.
बुधवार मला कधीच आठवत नाही.
गुरुवारी दुपारी पाट्या डोक्यावर घेऊन झऱ्यावर.
मातीनं घासली की आठवड्याची शाई सुटते,
सगळं व्याकरण काळं होऊन
वक्फच्या खजुरांच्या मुळाशी जातं.
जासिम आंधळा. त्याची पाटी कोरीच असते.
तरी घासतो, आमच्यापेक्षा जास्त वेळ.

त्या गुरुवारी बागेच्या कुडापलीकडे
मुकादम फलाह फरजला मारत होता.
फरज विकत घेतलेला. झाडावर चढतो, घड उतरवतो,
त्याचेच खजूर आमच्या थाळीत येतात.
ओल्या झावळीचा देठ. एक, मग थोडं थांबून दुसरा.
जासिमनं मान वळवली. कसला आवाज?
मी म्हणालो, फांदी तोडतायत.

जुम्म्याला फरज माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला,
खांद्याला खांदा, टाचेला टाच, मध्ये सैतानापुरतीही फट नाही.
सजद्यात वाकताना त्याचा सदरा पाठीवरून सुटेना.
मुकादम पुढच्या ओळीत. त्यानं अत्तर लावलं होतं, चांगलं होतं.
खुतब्यात शेजाऱ्याचे हक्क सांगितले,
तेही चांगले सांगितले.

मग शनिवार. झैद आला नाही.
शेख म्हणाले, आज कर्ता वाक्यातून जाईल.
कधी तो ठाऊक नसतो म्हणून जातो,
कधी इतका ठाऊक असतो की सांगायला नको,
कधी नाव घ्यायची भीती वाटते म्हणून.
मग कर्म उठतं, त्याच्या जागेवर बसतं,
त्याचा उकारही लेवून घेतं.
अम्रला मारलं गेलं.
बघा, केवढा मान मिळाला अम्रला!
(हे ते खरंच आनंदानं म्हणाले. व्याकरणावर त्यांचा जीव होता.)

द्या उदाहरण, कोणीही.
वही कुरकुरली, कोणी खोकलं.
जासिम म्हणाला:
फांदी तोडली गेली.
शाबास, शेख म्हणाले.
जासिमनं तोंड माझ्याकडे केलं होतं,
बरोबर माझ्याकडे, आवाजावरून नव्हे, मी तर गप्प होतो.

रात्री मायला पत्र लिहायला बसलो.
बहरीनहून गलबत सुटायला आठ दिवस होते.
आपलीच बोली, अक्षरं यांची;
गावात खतीबच वाचून दाखवणार,
तेव्हा जरा जपून.
तुझ्या दुवेनं बरं आहे.
धडा रोज दिला जातो.
कपडे धुतले जातात.
खजूर पोटभर वाढले जा

इथं बोरू अडला.
शाई होती. दिव्यात तेल होतं.
पलीकडे जासिम झोपेत पाठ म्हणत होता,
उकार, अकार, उकार,
आणि थाळीत बिया उरल्या होत्या,
मी मोजल्या, सात.
सातही मीच खाल्ले होते.