हिरव्याच्या वर

शाळेच्या व्हरांड्यातली फरशी खोलगट, काटा डुलतो.
शीलाताई गेडामांनी खाली पुठ्ठा सारला,
बिस्किटांच्या खोक्याचा, चौपदरी;
म्हणाल्या, "आता खरं बोलते तो."

मी नागपूरहून फॉर्म घेऊन आलेली.
राळेगावच्या पुढं दोन गावं, एकशे बारा मुलं.
चपला काढा. टाचा भिंतीला. हनुवटी सरळ.
काल सकाळपासून काय काय खाल्लं?

"च्या-टोस."
"शाळेतली खिचडी. दोनदा."
"पुडी."
कोणती पुडी?
सगळे हसले. मॅडमले पुडी नाही समजत.
पाच रुपयांची, गुलाबी, निम्मी हवा भरलेली;
टपरीला तोरणासारखी लोंबते,
बरोबर दुसरीतल्या हाताला येईल इतकी खाली.
ती उंची कुणीतरी आधीच मोजून गेलं होतं.

नयन मडावी, सात वर्षं, सोळा किलो.
सुजल ढोबळे, सात वर्षं, बत्तीस.
एकाच बाकावरचे. पुडी अर्धी-अर्धी.
दोघांची सरासरी काढली
तर पोरगं अगदी ठणठणीत.

सुजलची आई वावरातून तशीच आली,
बोटांना कापसाचे ओरखडे.
"त्याले काही म्हणू नका जी.
लेकराच्या अंगाले मांस धरावं म्हणून
बकऱ्याचा नवस फेडला म्या."

शीलाताई बोलल्या नाहीत.
ट्रंकेतून एक जुनं रजिस्टर काढलं,
कसरीनं कोपरे खाल्लेलं.
"इची माय रोजीनं जाये,
पोट्टी दिवसभर माह्यापाशी.
हे पाहा. अडीच वर्षांची."
लाल पट्ट्यात एक टिंब.
पुढल्या महिन्यात पुन्हा तिथंच.
त्याच्या पुढल्याही.

मग काय वाटलं त्यांना कोण जाणे,
त्याच पानावर पेन्सिल टेकवली सुजलसाठी.
लाल, पिवळा, हिरवा.
हिरव्याच्या वर छापणाऱ्यानं रंगच ठेवला नव्हता.
वय बसेना, वजन बसेना;
टिंब गेलं समासात,
छापखान्याच्या नावाशेजारी.

आईनं अंगठा लालवर ठेवला,
करंगळी त्या टिंबाकडं ताणली.
एक वीत. वर थोडं उरलं.
माझ्या फॉर्मात सतरावा रकाना त्याच्यासाठी आहे,
मी तो भरायचा थांबले, इतकंच.

बाहेर धडधड.
सुजल आणि नयन एकदमच काट्यावर,
एकमेकांच्या खांद्याला धरून.
"अठ्ठेचाळीस!" नयन ओरडत होता,
"आमी अठ्ठेचाळीस!"