उसनी जीभ

खानापुरात स्टेशन रोडला, चक्कीच्या अलीकडे,
सहाच्या सुमाराला सुबद्राक्काचा गाडा लागतो.
सायकलची चाकं, वर ॲल्युमिनियमचं भगुणं,
झाकण उडू नये म्हणून त्यावर फुटक्या पाट्याचा तुकडा.
श्रावणापासून दसऱ्यापर्यंत हळदीचं पान,
नंतर फणसाचं, काडीनं टाचून.
आत तांदळाचं पीठ, गूळ, खोबरं.
पाच पातोळ्या पन्नासला.
सुट्टे नसले तर, "उद्या द्या की ओ."

मी समोरच्या मेडिकलात.
गोळ्यांची पाकिटं कातरीनं कापतो,
ज्याला जेवढ्या दिवसांच्या परवडतात तेवढी.
तिच्या साखरेच्या गोळ्या माझ्याकडूनच जातात,
पंधरा-पंधरा.
तिच्या नोटांचा हळदीचा वास
गल्ल्यात रात्रीपर्यंत राहतो.

पाच वर्षं झाली, तिनं स्वतःची पातोळी खाल्लेली नाही.
सारण चाखायचं नाही, बोट चाटायचं नाही,
सुनेनं सातेरीची शपथ घातलीय.
म्हणून पहिला घाणा उतरला की
ती एक पातोळी माझ्या हातावर ठेवते
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते,
थर्मामीटरकडे बघावं तशी.
"कसं झालंय?"
"बरं झालंय."
एवढ्यावर तिचा धंदा सुरू.

त्या मंगळवारी पहिल्याच घासाला जीभ आखडली.
मीठ. दोनदा पडलेलं.
दुकानात तीन माणसं खोळंबलेली,
तिच्या चष्म्यावर वाफ,
आणि माझ्या तोंडून, सवयीनं,
"बरं झालंय."

मग हल्याळची बस थांबली.
कंडक्टर उतरला, धारवाडकडचा असावा,
दोन घेतल्या, एक उभ्या उभ्याच सोलली,
चावला, आणि हसूनच म्हणाला,
"उप्पु जास्ती आग्यद, अक्का."
थुंकला नाही. उरलेली खाल्ली. पैसे दिले.

तिनं ते परत केले.
स्टोव्हची हवा सोडली.
भगुण्यात चाळीस तरी असतील,
एकेक पान उघडून निरखत बसली,
मीठ डोळ्यांना दिसतं की काय!
मग रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघितलं.
रागानं नाही.
उधारी बुडवलेलं गिऱ्हाईक दारावरून जाताना
आपण बघतो ना, हाक न मारता,
तसं.

पाच दिवस मी तिकडे फिरकलो नाही.
गोळ्या सून येऊन घेऊन गेली.

रविवारी, बाजार उठल्यावर, तीच आली.
पदराखालून एक पातोळी काढून
काउंटरच्या काचेवर ठेवली. काच धुरकटली.
"आता खरं सांगा. लाजायचं काय त्यात?
तुमी मला चुकीची गोळी द्याल काय?"

खोकल्याच्या बाटल्यांकडे पाठ करून
मी सावकाश खाल्ली.
मीठ बेताचं होतं.
गूळ थोडा कमी, वेलदोडा शिळा.
तिन्ही सांगितलं.

"वेलदोडा शिळाच हाय, गेल्या दिवाळीचा,"
ती म्हणाली, आणि चेहरा सैल झाला.
रिकामं पान उचललं,
एकदा नाकाशी धरलं, खोल,
मग घडी करून कमरेला खोचलं
आणि गेली, रस्त्यातूनच सुनेला वेलदोड्यावरून ओरडत.

दहा रुपये द्यायचे राहिलेच.