मंगळवार-शुक्रवार, सात ते साडेआठ

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानाच्या वर,
पारुलबेन फळ्यावर अक्षर काढून म्हणाल्या, हा 'का'.
वाक्याच्या शेवटी लावा, प्रश्न होतो.
मी लिहूनच घेतला नाही, घरचाच तो.
जेवलात का, आलात का, गॅस बंद केला का.
मग 'नो' आला, षष्ठीचा,
तो शेजारच्या रमीलाबेनच्या तोंडचा, घरनो, गामनो.
आणि 'ने' तर आमच्या मराठीलाही चिकटलेला,
येशील ने? चालेल ने?
अठ्ठावीस वर्षं बडोद्यात राहून
मी पाव जपानी झाले होते,
कुणी सांगितलं नाही.

'वा'पाशी अडले.
शाळेत घोकलेले स-ला-ते सगळे लावून पाहिले,
एकही बसेना.
शेवटी धृविल म्हणाला,
(एकोणीस वर्षांचा, ओसाकाला म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालाय)
आंटी, मारी वात करो तो...
हां. माझं म्हणाल तर.
वाताशी वा, माझं म्हणाल तर,
आणि पुढचं वाक्य सुचेना.
सवयच नाही.

क्रियापदं मात्र सज्जन.
ताबेमास: खातो, खाते, खाईन, खातील.
ताबेमासेन: नाही खात.
मागे ढकलायचं तर माश्ता, नाश्त्यासारखा.
इकीमाश्ता: गेला, गेली, गेलं,
कोण ते क्रियापद विचारत नाही,
बाईचं बाईपण शेवटच्या काना-मात्रेला लटकत नाही.
स्कूटरवर मकरपुऱ्यापर्यंत
इकीमाश्ता, इकीमाश्ता म्हणत गेले.
गेले!
बघा, लगेच पकडलं मराठीनं.

जिवंत असेल तर इमास, निर्जीव तर आरिमास.
मगरीला म्हणतात वानी.
विश्वामित्रीत वानी गा इमास.
मी म्हटलं, पुलावरून पाहते ना रोज,
तासन् तास चिखलात दगड होऊन पडलेली असते,
आरिमास नाही चालणार?
पारुलबेन खडू पुसत म्हणाल्या,
हलत नाही म्हणून काय झालं,
आपण आहोत, हे तिला माहीत आहे ने?

घरी फ्रिज आरिमास. टीव्ही आरिमास.
टेबलाशी पोळ्यांचा डबा घेऊन उभी
मी
इथे वहीत जागा कोरी आहे.

काल शिकवलं 'ताई'.
इकीताई, जायचंय. ताबेताई, खायचंय.
सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला.
पण नियम असा, की ताई स्वतःपुरतीच.
दुसऱ्याला जायचंय, असं सरळ म्हणता येत नाही,
त्याच्या मनातलं तुम्हाला कसं कळणार?
तो तसं म्हणतो, एवढंच सांगायचं.
मी हे दोनदा विचारून घेतलं.

रात्री जाऊबाई फोनवर कुणाला तरी,
छे हो, तिला कुठे जायचंय नागोयाला,
कंपनीनं घातलं क्लासला म्हणून जाते,
तिला आपलं घरच बरं.
मी खरकटी उचलत होते.
चूक, म्हटलं.
काय गं?
व्याकरणाची.

ओटा पुसून झाल्यावर गृहपाठ.
वाताशी वा नागोया नी इकीताई देस.
'का' नाही लावला. 'ने' नाही लावला.
त्यांचा पूर्णविराम टिंब नसतो,
बारीक पोकळ गोल असतो, बाळाच्या वाळ्याएवढा.
तो तेवढा नीट जमला नाही,
खोडला,
पुन्हा काढला.