बेत

गुलाबी रंग मोजणीचा. पिवळा गॅसचा,
निळा पाण्याचा, नारिंगी तारांचा.
लाल दिसला की खाली वीज, तिथे कुदळ नाही.
पंधरा वर्षं वाकून रस्त्यावर खुणा करतो.
माझी कंबर बायकोपेक्षा
मॅकॉले स्ट्रीटला जास्त ठाऊक.

इथे हे तिसऱ्यांदा.
पहिल्या वेळी टोरांटोहून मंत्री आला,
हेल्मेटवर किमतीचं लेबल तसंच.
रूळ येणार म्हणाला, आणि पोलादाच्या या गावात
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.
मग निवडणूक. नव्या मंत्र्याने
हॉटेलात पत्रकार बोलावले
आणि स्वतः मागच्या दाराने गेला.
माझा गुलाबी त्या हिवाळ्यात
बर्फावर टाकलेल्या मिठाने खाल्ला.

नंतर पैसे परत आले, निम्मे, ओटावाहून.
दुकानांना पत्रं आली: जागा लागेल.
मग पत्र: आधीचं पत्र धरू नये.
मग तिसरं, ज्यात दुसऱ्याचा उल्लेखच नाही.

ओदेत फुर्तादोने तिन्ही ठेवलीत
टाचण्यांच्या डब्याखाली.
एकशे चौदा नंबर. पडदे शिवतो, चेन बदलून मिळेल.
शेजारची सोळा घरं सरकारने घेतली,
नऊ पाडली, उरलेल्यांच्या खिडक्यांना फळ्या.
एका अंगणात लायलॅक अजून फुलतो.
तो कोणाच्या खात्याचा ते ठरलेलं नाही,
म्हणून ती तोडून आणते, इस्त्रीजवळ ठेवते.

"येणार का रे?"
मी डबा हलवतो. आतली गोळी खडखडते.
"मला कुठे ते सांगतात, ओदेत. येणार का, ते नाही."

मला वाटायचं तिला गाडी नको असेल.
तर म्हणाली, "पाडायचं तर पाडा,
भाचीकडे जाईन, तिला तळघर आहे.
नाही तर नाही म्हणा.
पाच वर्षं बादली आहे मशीनच्या बाजूला.
मालक म्हणतो, पाडायच्या घराचं छप्पर
कोण शाकारतो?"

आज रात्री मतदान. आठ इकडे, सात तिकडे,
आणि प्रभाग चारचा लेस्ली प्रिंगल,
जो दोन महिने लोकांचं ऐकून घेतोय.
तो तिकडे गेला तर आठाला आठ,
आणि बरोबरी म्हणजे पडलं.

त्याची पँट ओदेतकडे आहे.
सोमवारी तिच्या स्टुलावर उभा होता,
ती पायाशी, गुडघ्यांवर.
तोंडात टाचण्या असताना
नगरसेवकाला काही विचारता येत नाही.
त्यानेच विचारलं, "तुला काय वाटतं, ओदेत?"
ती "हूं" म्हणाली.
त्याने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं.
काय लिहिलं, देव जाणे.

मी तिला कापड बेतताना पाहिलंय.
खडूची रेघ, फुंकरीने जाईल अशी.
एकदा मागे सरून बघते.
मग कात्री, आणि ती थांबत नाही.

रात्री मी सभा लावली नाही. लवकर झोपलो.
सकाळी साहेबाचा फोन:
प्रिंगलने आणखी एक अहवाल मागितला,
सोळाच्या सोळा हात वर.
"आणि हो, तुझ्या खुणांची मुदत संपली,
नव्वदच दिवसांच्या असतात, पुन्हा मारून ये."

गाडी लावली. वाकलो. गुलाबी
पुसट होता, पण वरून वर जमला.
एकशे चौदासमोर बाण काढत होतो
तर तिने काचेवर टकटक केलं,
निळी पँट उलटी धरून दाखवली.
पायाकडे पांढरा दोरा, लांब लांब टाके.
"अजून न्यायला आला नाही," म्हणाली दारातून.
"कच्चा टाका घातलाय. पुढे लांब हवी म्हणाला,
आखूड हवी म्हणाला, तर उसवायला बरं."

मी विचारलं, बादली भरली का.
म्हणाली, थांब, ओतून येते.