आवक क्रमांक

महिन्यातून दोनदा ती येते,
एकदा उधाणाला, एकदा भांगाला,
सकाळच्या पहिल्या एस.टी.ने.
मांडीवर पिशवी, पिशवीत बाटली
कोकम सरबताची, बूच मेणाने बंद केलेलं.
सत्यभामा जुवळे, मुक्काम जुवेवाडी.
व्यवसाय? इथे ती दर वेळी थांबते.
"पूर्वी मासेमारी. आता लिवा, पानी आणने."

मी आवक-जावक कारकून.
माझ्या टेबलावर येतं ते कागदच असावं
असं खात्याचं, आणि एकवीस वर्षं माझंही, मत.
पहिल्यांदा म्हणालो, बाई, अर्ज आणा.
ती म्हणाली, "पानी लिवून कसा दाखवू?
म्हणून आणलाय."

शिक्का बाटलीवर बसत नाही.
काच गोल, शाई घसरते.
चिठ्ठीवर मारला, चिठ्ठी दोऱ्याने गळ्यात बांधली,
शाळेच्या पहिल्या दिवशी
पोराच्या सदऱ्याला रुमाल टाचावा तशी.

लेबलावर नववीतल्या शौकतचं अक्षर:
तिथी, वेळ, वारा, मेलेल्या निवट्या किती,
पाण्याचा रंग.
एकदा त्याने लिहिलं होतं, जास्वंदीसारखा.
मग ते खोडून, गुलाबी.
वाटलं असावं त्याला,
सरकारला उपमा चालत नाहीत.

साहेब म्हणतात, नमुना अधिकृत नाही.
अधिकृत माणसाने, अधिकृत बाटलीत,
पंचांसमक्ष घेतला पाहिजे.
खरंच आहे ते.
तसा अधिकृत माणूस मार्चात जाऊनही आला,
भर दुपारी.
कारखान्याचा पाइप रात्री बोलतो.

एकोणचाळीस बाटल्या झाल्या
तेव्हा कपाटाचं दार लागेना.
त्यात ऑडिट आलं. साहेब म्हणाले, ओतून टाका.
पहिली बाटली घेऊन मी बेसिनपाशी उभा राहिलो.
बेसिनची नळी गटारात, गटार पऱ्यात,
पऱ्या नदीत, नदी...
मी बूच परत लावलं.
ओतून टाकायला
बाहेर अशी जागाच नव्हती कुठे.

मग रोज संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून दोन-दोन
घरी नेल्या, माळ्यावर ठेवल्या.
बायकोने काही विचारलं नाही.
लोणच्याच्या बरण्या तेवढ्या सरकवल्या.

या माघात, अष्टमीच्या भांगाला,
ती आली ती बाटली दोन्ही हातांनी धरून.
बुचाला भोकं पाडलेली.
टेबलावर ठेवली, उजेडाकडे फिरवली.
आत, काचेहून जरासंच कमी पारदर्शक
काहीतरी उडी मारून गेलं.
कोळंबीचं पिल्लू.
"अकरा वर्सांनी," ती म्हणाली,
आणि लगेच, आपलीच दृष्ट लागेल म्हणून की काय,
"एकच हाय हां. वरच्या अंगाला, झऱ्यापाशी.
फार काय समजू नका."

मी रजिस्टर उघडलं.
रकाना: कागदपत्राचे स्वरूप.
पेन बराच वेळ हवेत.
मग लिहिलं: जिवंत, एक.

"लिवलंत?"
लिहिलं.
"मग द्या परत. ह्याला साडेअकराच्या गाडीने
घरी न्यायचाय."

आलेलं टपाल परत देण्याचा नियम नाही आमच्याकडे.
मी बाटली तिच्या हातात दिली,
अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला,
त्यालाही आवक क्रमांक घातला
आणि तिच्यामागून स्टँडवर गेलो.

गाडीत जागा एकच होती. ती बसली, मी उभा.
खाडीकडे उतरताना दर वळणावर
सबंध गाडी एका अंगाला कलायची
आणि तिचे हात दुसऱ्या,
पाणी सपाट राहावं म्हणून.