दीड किलोमीटर

दोन वर्षांत हा तिसरा.
अंबड चौफुलीच्या अलीकडं मधेच फाटला
आणि सगळ्या रस्त्यानं वळून बघितलं:
पांढरी वॅगन-आर, आत दोन म्हातारे,
आवाज मात्र उसाच्या ट्रॅक्टरचा.
प्रयाग म्हणाली, "चला, वरात तरी निघाली आपली."

खलीलोद्दीन मिस्त्री गाडीखाली सरकला.
बराच वेळ नुसते पायच दिसत होते.
मग त्यानं सायलेन्सर काढून समोर टाकला.
बाहेरून रंग शाबूत, चंदेरी.
स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर पापडात जावा तसा आत गेला.
उलटा केला:
कपभर लालसर पाणी
आणि मूठभर पापुद्रे.

"कितीला घेतला व्हता?"
चौदाशेला. आधीचा बाराशेला.
त्याच्या आधीचा कंपनीचा, अकरा वर्षं गेला,
हे सांगताना माझाच आवाज खाली बसला.

तो हसला नाही. दुकानातून दोन नवे आणले,
एकेक करून माझ्या दोन्ही हातांत दिले.
"बोला, साहेब."

मी बत्तीस वर्षं सळईच्या कारखान्यात
वजनकाट्याच्या खिडकीत बसलो.
भंगाराचा ट्रक आत येताना भरलेला, जाताना रिकामा,
मधला फरक लिहायचा.
ताडपत्रीखालचं भंगार मुद्दाम भिजवून आणलंय का,
ते मी टायर बघून सांगायचो.
आणि सायलेन्सर घेताना
फक्त किंमत वाचली.

डावा हात आपोआप वर गेला.
"आता वाजवा," मिस्त्री म्हणाला,
"ये डब्बा बोलता. ये बोलताच नई."
हलक्याच्या जोडाला चार ठिकाणी टाके,
जडाच्या जोडावरून वेल्डिंग गोल फिरून
जिथून निघालं तिथंच येऊन मिळालेलं.
चुंबक लावून बघू का, मी विचारलं.
"चुंबक फसवतंय. चांगल्या स्टीललाबी चिकटतंय."
आणि वरची रबरं बदला म्हणाला,
जुन्या रबरावर नवा माल टांगला
की हलून हलून मानेतच तुटतो.

मी पैसे मोजायला लागलो
तर त्यानं हात पुसत विचारलं,
"गाडी जाती कुठं कुठं?"

घर ते दवाखाना. दीड किलोमीटर.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
आणि परत.

"मग हाबी सडंल. जरा उशिरानं.
पाइप तापतच नई ना तुमचा.
धुरातलं पाणी उडून जायच्या आधी तुम्ही चावी काढता.
ते आतच बसतं, आतूनच खातं."

प्रयागनं काच खाली केली.
"म्हणजे माझंच दुखणं लागलं की त्याला."

मशीनला लावायच्या आधी तिला काट्यावर उभं करतात,
नंतर परत उभं करतात.
दीड किलो. कधी दोन.
तिथला पोरगा मधला फरक वहीत लिहितो.
मी तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघतो.

मिस्त्री नटाशी उगाच खेळत राहिला.
मग गाडीकडं न बघता म्हणाला,
"हप्त्यातून एकदा तासभर सोडा रस्त्याला. तापू द्या."

रविवारी अंबडच्या रस्त्याला लागलो.
इतकी शांत गाडी, की पायाशी लोळणारी
तिची पाण्याची बाटली ऐकू येत होती,
दिवसभराचं माप, बुचाला दोऱ्यानं खूण केलेली.
दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा.
ती बोलत होती, माझ्या बहिणीच्या लग्नातल्या
कुठल्याशा हरवलेल्या तपेल्याबद्दल.

गोलापांगरीच्या पुढं थांबलो.
मागं जाऊन वाकलो,
पाइपच्या तोंडापुढं तळहात धरला.

"सुकला का?" तिनं आतून विचारलं.
तळहाताला बारीक दमटपणा लागला. की घाम होता.
"सुकत आलाय."

"मग चला की अजून थोडं पुढं."